स्टेडियमच्या पार्किंगमध्ये डिश लावून मॅच बघतात, पण तिथं लाईट येते कुठून?

रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं ॲरोहेड स्टेडियम. मॅच सुरू व्हायला अजून चार तास आहेत, पण पार्किंग भरत आलंय. पिकअप गाड्यांचे मागचे फाळके खाली पडलेत, त्यावर बन, सॉसच्या बाटल्या आणि बिअरचे कॅन मांडलेत, शेजारी शेगडीवर मांस भाजलं जातंय. इथवर ठीक आहे. डबा घेऊन कुठंही पंगत मांडायला आपल्याकडची मंडळीही कमी नाहीत.

पण त्याच फाळक्यावर ३२ इंची टीव्ही चालू असतो. खाली डांबरावर पांढऱ्या घुमटासारखी एक डिश ठेवलेली असते. आणि त्या अख्ख्या पार्किंगमध्ये तुमच्या वाट्याला एकही प्लग पॉईंट नसतो.

मग दोन प्रश्न पडतात. स्टेडियम समोर असताना टीव्ही कशाला? आणि त्या टीव्हीला लाईट कोण देतं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर चुकलं, तर कुणाची गाडी पार्किंगमध्येच बंद पडते आणि कधी कुणाचा जीवही जातो. म्हणून विषय नीट समजून घेऊ.

टेलगेट म्हणजे आपला फाळका

टेम्पोची मागची जी बाजू साखळी काढून खाली पाडतात, तिला आपण फाळका म्हणतो. तिकडं त्याला टेलगेट म्हणतात. अमेरिकन फुटबॉलच्या मॅचआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये हा फाळका पाडायचा, त्याचंच टेबल करायचं आणि मॅच सुरू होईपर्यंत खातपीत बसायचं, हे झालं टेलगेटिंग. कॉलेजची मॅच असो नाहीतर एनएफएलची, कित्येक जण तर तिकीट न काढताच येतात. पार्टी करतात, मॅच पार्किंगमध्येच टीव्हीवर बघतात आणि घरी जातात.

याचं मूळ सांगताना अमेरिकन लोक थेट १८६१ पर्यंत मागं जातात. यादवी युद्धातली बुल रनची लढाई बघायला वॉशिंग्टनहून लोक घोडागाड्यांतून, खाण्याच्या टोपल्या भरून गेले होते. लढाई बघायला सहल! टेलगेटिंगशी हे नातं मला जरा ओढूनताणून जोडल्यासारखं वाटतं, पण किस्सा खरा आहे.

आता टीव्ही कशाला, तर एनएफएलच्या वेळापत्रकामुळं. रविवारी तिकडं एकच मॅच नसते. कॅन्सस सिटीच्या घड्याळात दुपारी १२ वाजता एकदम बऱ्याच मॅच सुरू होतात, मग साडेतीनच्या सुमाराला दुसरा घाणा आणि रात्री एक मोठी मॅच. तुमच्या टीमची मॅच ३ वाजून २५ मिनिटांनी असेल तर तुम्ही सकाळी साडेदहा-अकरापासून पार्किंगमध्ये आहात, आणि १२ च्या सगळ्या मॅच तुमच्या पार्टीच्या वेळेतच चालू आहेत. त्यात गुणतक्त्यातले तुमचे दुश्मन खेळतायत. त्यात तुमच्या फॅन्टसी टीमचे प्लेअर खेळतायत. टीव्ही लागणारच.

मोबाईल आहे की, डिश कशाला?

बरोबर प्रश्न आहे, आणि काही वर्षांपूर्वीपेक्षा आज जास्तच बरोबर आहे.

इतर शहरांतल्या मॅच बघायचं एनएफएल संडे तिकीट नावाचं पॅकेज आहे. १९९४ मध्ये ते डायरेक्टीव्ही या सॅटेलाईट कंपनीवर सुरू झालं आणि २०२२ च्या सीझनपर्यंत तिथंच होतं. म्हणजे दुसऱ्या शहरातली मॅच घरच्या टीव्हीवर बघायची तर छत्री लागायची. २०२३ पासून हे पॅकेज यूट्यूबकडं गेलं आणि डिशचं सगळ्यात मोठं कारण हातचं गेलं.

तरी पार्किंगमधल्या डिश संपल्या नाहीत. ॲरोहेडसारख्या स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या वर माणसं बसतात. ती सगळी एकाच वेळी एकाच आवारात, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि टॉवर तेवढेच. जत्रेत किंवा विसर्जनाच्या दिवशी नेटचं काय होतं ते तुम्हाला माहिती आहे. व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. सॅटेलाईटचा सिग्नल मात्र गर्दी ओळखत नाही. वरून तो पावसासारखा सगळीकडं सारखाच पडतो, खाली एक छत्री असो नाहीतर दहा हजार.

दुसरी गंमत उशिराची. स्ट्रीमिंगवर चित्र प्रत्यक्ष खेळाच्या मागं असतं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. शेजारच्या तंबूत डिश असेल तर टचडाऊनची बोंब तिथं आधी उठते आणि तुमच्या स्क्रीनवर अजून बॉल हातातच असतो. मॅचची मजा गेली की नाही? सॅटेलाईटच्या चित्रालाही उशीर होतोच, पण बराच कमी.

डिशला करंट किती लागतो?

ऐकून आश्चर्य वाटेल, पण जवळजवळ काहीच नाही.

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथून टीव्हीचा कार्यक्रम तो पाठवतो. खालची डिश फक्त ऐकते, परत काहीही पाठवत नाही. डिशच्या तोंडाशी जो छोटा डबा असतो, ज्याला एलएनबी म्हणतात, तो हा क्षीण सिग्नल पकडून वाढवतो आणि वायरीतून खाली पाठवतो. त्याला लागणारी वीज त्याच वायरीतून वर जाते, सेटटॉप बॉक्सकडून. आपल्या गच्चीवरच्या छत्रीला वेगळा प्लग नसतो तो याच कारणानं. एकाच केबलमधून चित्र खाली आणि वीज वर. शिवाय ती वीज १३ व्होल्टची का १८ व्होल्टची, यावरून एलएनबीला कळतं की कुठल्या प्रकारच्या लहरी पकडायच्या आहेत. दोन पायांचं काम एका वायरीत बसवणाऱ्याला मानलं पाहिजे.

टेलगेटवाल्यांची आवडती डिश म्हणजे घुमटाची. आत छोटी मोटर असते, ती स्वतःच फिरून उपग्रह शोधते. डिश नेटवर्क कंपनीच्या अशा डिशचं नावच मुळी टेलगेटर आहे. हिलासुद्धा वेगळा प्लग लागत नाही. शोधताना काही मिनिटं मोटर वीज खाते, उपग्रह सापडला की थांबते. गाडी उभीच असते, उपग्रहही पृथ्वीबरोबर फिरत असल्यानं जागचा हलत नाही, त्यामुळं पुन्हा शोधायची गरज नाही. महिन्यापुरते पैसे भरून नंतर बंद करता येणारं पॅकेजही ही कंपनी देते, म्हणून पार्किंगमध्ये तिचीच चलती.

डायरेक्टीव्हीवाल्यांचं काम जरा वाढतं. त्यांच्या एचडी चॅनेलसाठी छोटा घुमट पुरत नाही, तिपाईवर मोठी डिश उभी करावी लागते. तिला वीज पोचवणारा एक वेगळा ॲडॉप्टरही लागतो, म्हणजे एक प्लग जास्त. यादी करताना हा प्लग हमखास विसरला जातो, मग पार्किंगमध्ये एक्स्टेंशन बोर्ड मागत फिरायची वेळ येते.

जागेचं गणित मात्र सगळ्यांनाच चुकवता येत नाही. मुंबईत टाटा प्लेची छत्री साधारण ६५ अंश वर बघते, म्हणजे जवळपास डोक्यावरच. अमेरिका उत्तरेला असल्यामुळं तिथं डिश बरीच खाली, दक्षिणेकडं बघते. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेमधून डिश नेटवर्कचा ११९ अंश पश्चिमेचा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम ३० अंशांवर असतो. म्हणजे त्या दिशेला १७ फुटांच्या आत १० फूट उंचीची एखादी आरव्ही येऊन उभी राहिली की तुमचा टीव्ही बंद. आरव्ही म्हणजे घरासारखी मोठी गाडी, आणि ती तुमची मॅच रंगात आल्यावरच येते. म्हणून जाणकार लोक डिश गाडीच्या टपावर ठेवतात किंवा दक्षिणेला मोकळी वाट असलेली जागा धरतात.

आता खरा हिशोब

आपल्याकडं लोडशेडिंग बघितलेल्या प्रत्येक घराला हा हिशोब अर्धा पाठ असतो. इन्व्हर्टर किती वॉटचा हे विचारतात, पण लाईट किती तास टिकणार हे बॅटरीवर ठरतं.

वॉट म्हणजे भूक, वॉट-तास म्हणजे पोत्यातलं धान्य. १०० वॉटची वस्तू ६ तास चालली की ६०० वॉट-तास खाऊन होतात. बॅटरीवर ॲम्पिअर-तास लिहिलेले असतात, त्याला व्होल्टनं गुणलं की वॉट-तास मिळतात. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्टची दीडशे एएच बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते ती अशी.

आता फाळक्यावरच्या वस्तू बघा. ३२ इंची एलईडी टीव्ही ४० ते ५० वॉट. सेटटॉप बॉक्स २० च्या आसपास, रेकॉर्डिंगवाला मोठा असेल तर जास्त. डिश १०. साउंडबार १५-२०. ठोकळमानानं १०० वॉट धरा. ६ तासांचे ६०० वॉट-तास. बॅटरीतली वीज घरच्या विजेसारखी करताना इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो, म्हणून ७०० धरा.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

गाडीची बॅटरी आहे की!

बहुतेकांना पहिल्यांदा हेच सुचतं. गाडीत बॅटरी आहे, सिगारेट लायटरच्या खोबणीत घालायचा छोटा इन्व्हर्टर स्वस्तात मिळतो, लावा टीव्ही.

गाडीच्या बॅटरीवर ६० एएच लिहिलेलं असतं. म्हणजे ७२० वॉट-तास. आपल्याला ७०० लागतात. बसलं की गणित!

नाही बसत. ही बॅटरी तासन्‌तास थोडी थोडी वीज द्यायला बनवलेलीच नसते. तिचं काम एकच, इंजिन फिरवायला काही सेकंदांपुरता शेकडो ॲम्पिअरचा दणका द्यायचा. त्यासाठी आतल्या शिशाच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात. अशी बॅटरी खोलवर रिकामी केली की पट्ट्या खराब होतात, आणि तिच्या निम्म्याच्या खाली गेलात तर इंजिन उठेल याची खात्री नाही. १०० वॉटच्या सामानाला इन्व्हर्टरमधून ९-१० ॲम्पिअर लागतात. तीन तासांत ३० एएच गेले. मॅच अजून सुरू व्हायचीय आणि तुमची गाडी धोक्यात आलीय.

लायटरच्या खोबणीची स्वतःची मर्यादा वेगळीच. तिचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ ॲम्पिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॉटच्या वर गेलात की फ्यूज उडाला. टीव्ही चालेल, पण त्याच इन्व्हर्टरवर कुणी कॉफी मशीन लावलं की खेळ खल्लास.

मग इंजिन चालू ठेवायचं का? अधूनमधून ठेवतातही लोक. पण सहा तास उभ्या गाडीचं इंजिन चालवणं म्हणजे पेट्रोल जाळून टीव्ही बघणं, आणि धुराचा प्रश्न उरतोच. त्याकडं येतोच आहे.

यावर जुना, भरवशाचा उपाय म्हणजे दुसरी बॅटरी. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी, जाड पट्ट्यांची, हळूहळू रिकामी होण्यासाठीच बनवलेली. तिकडं ही बोटींसाठी विकली जाते म्हणून तिला मरीन बॅटरी म्हणतात. १०० एएच घेतली की १२०० वॉट-तास, त्यातले निम्मे वापरायचे म्हणजे ६००. आपल्या ७०० च्या हिशोबाला थोडी कमीच पडते. वजन पंचवीस-तीस किलो, तेवढी पाठ मजबूत हवी.

आणि नवा उपाय म्हणजे पॉवर स्टेशन. नाव मोठं आहे, पण असतो एक हँडलवाला डबा. आत लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर सगळं एकत्र, बाहेर प्लग आणि यूएसबी. हजार वॉट-तासांचा डबा दहा-बारा किलोचा असतो आणि १०० वॉटचं सामान आठ तासांच्या वर चालवतो. आवाज नाही, धूर नाही. फक्त टीव्ही आणि डिश चालवायची असेल, तर पैसे असणाऱ्यानं दुसरं काही बघूच नये असं माझं मत आहे.

दोनदा दळण कशाला दळायचं?

इथं एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. बॅटरी १२ व्होल्टची. इन्व्हर्टर तिचे १२० करतो, कारण अमेरिकेत घरात १२० व्होल्ट असतात. मग सेटटॉप बॉक्सचा ॲडॉप्टर त्या १२० चे परत १२ करतो. दोन्ही वेळा थोडी थोडी वीज गरम होऊन उडून जाते.

त्यापेक्षा थेट १२ व्होल्टवर चालणाऱ्याच वस्तू घ्यायच्या. तिकडचे ट्रक ड्रायव्हर आणि आरव्हीवाले हे कधीपासून करतायत. १२ व्होल्टचा २४ इंची टीव्ही २५-३० वॉटमध्ये भागतो. डिश नेटवर्कचा वॉली नावाचा छोटा बॉक्स १२ व्होल्टवर चालतो. डिश त्याच बॉक्समधून जेवते. सगळं मिळून ५० वॉटच्या आसपास. म्हणजे सहा तासांना ३०० वॉट-तास, आधीच्या निम्म्याहून कमी! आठ इंच छोटा टीव्ही घेतला आणि अर्धी बॅटरी वाचली.

फक्त वायर जाड घ्यायची आणि फ्यूज बॅटरीच्या तोंडाशीच बसवायचा. व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला ॲम्पिअर जास्त लागतात, आणि बारीक वायर तापते.

जनरेटर, आणि त्याचा न दिसणारा धूर

पार्टीत फक्त टीव्ही असता तर विषय इथंच संपला असता. पण कुणीतरी चिली गरम ठेवायला क्रॉकपॉट आणतं, २००-२५० वॉट. कुणी कॉफी मशीन, हजाराच्या आसपास. कुणाला थंडी वाजते आणि तो १५०० वॉटचा हीटर काढतो. टीव्ही बिचारा गरीब आहे, खादाड असते ती गरम करणारी प्रत्येक वस्तू.

मग निघतो जनरेटर. टेलगेटवाल्यांत होंडाचा ईयू२२००आय हा मॉडेल फार चालतो. सलग १८०० वॉट देतो, वजन २१ किलोच्या आसपास, टाकी साडेतीन लिटरची. पाव लोडवर एका टाकीत आठ तास निघतात. हा इन्व्हर्टर जनरेटर आहे, म्हणजे मागणी कमी असली की इंजिन आपोआप हळू चालतं. त्यामुळं आवाज कमी आणि वीज स्वच्छ. लग्नाच्या मांडवामागं धडधडणारा आपला जनरेटर डोळ्यासमोर आणू नका, याच्या शेजारी उभं राहून गप्पा मारता येतात.

आणि धोका तिथंच आहे. शेजारी उभं राहता येतं म्हणून लोक तो शेजारी ठेवतात.

पेट्रोलच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साईड बाहेर पडतो. रंग नाही, वास नाही. रक्तातला ऑक्सिजन पकडायची जागा तो अडवून बसतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या हिशोबानं पोर्टेबल जनरेटरच्या या वायूनं तिथं वर्षाला सरासरी ८० ते १०० माणसं मरतात. एक जनरेटर शेकडो गाड्यांइतका कार्बन मोनॉक्साईड सोडू शकतो, असंही हाच आयोग सांगतो.

आता त्याची सुरुवातीची लक्षणं वाचा. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, झोप येणं. सकाळपासून बिअर चालू असलेल्या पार्टीत हे कुणाला वेगळं वाटेल? जरा जास्त झाली असेल म्हणून मित्र त्याला गाडीत झोपवतात, काचा लावतात, आणि जनरेटर असतो त्याच गाडीच्या मागं. टेलगेटिंगमध्ये मला सगळ्यात भीतीदायक वाटते ती हीच गोष्ट. बाहेर उघड्यावर आहोत, काय होतंय, असं वाटतं. पण थंडी-वाऱ्यासाठी तंबूला तीन बाजूंनी पडदे लावले की ते उघडं राहत नाही.

आयोगाचा सल्ला आहे की जनरेटर माणसांपासून, दारा-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब ठेवा आणि धुराचं तोंड उलट्या बाजूला करा. हा सल्ला घरासाठी चांगला आहे. पार्किंगमध्ये गंमत अशी की गाडी लावायच्या पट्ट्याची रुंदी साधारण ९ फूट असते. तुमच्यापासून २० फूट लांब म्हणजे शेजारच्या दोन गाड्या ओलांडून, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी पार्टीत. त्यामुळं जनरेटर घेऊन जायचाच असेल तर कडेची जागा, मागं मोकळी पट्टी असलेली, लवकर जाऊन धरावी लागते. नव्या जनरेटरमध्ये वायू वाढला की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, होंडात त्याला सीओ-माइंडर म्हणतात. पण तो जनरेटरपाशी काय चाललंय ते सांगतो, तुमच्या गाडीच्या आत काय चाललंय ते नाही.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून गार होऊ द्यायचं, हे तर सांगायला नकोच. शेगड्या पेटलेल्या असतात सगळीकडं. आणि प्रत्येक स्टेडियमचे नियम वेगळे असतात. कुठं जनरेटर चालतो, कुठं चालत नाही, कुठं तंबूच्या मापावरही बंधन. घरातून निघण्याआधी त्या स्टेडियमच्या साईटवर बघून घ्यायचं.

फाळक्यातच प्लग

मग गाडी कंपन्यांनी विचार केला की लोक बसतात आमच्याच फाळक्यावर, तर वीजही आम्हीच देऊ.

२०२१ च्या फोर्ड एफ-१५० पिकअपमध्ये मागच्या हौद्यातच प्लग दिले. हायब्रिड मॉडेलमध्ये २.४ किलोवॉट, जास्त पैसे मोजले तर ७.२ किलोवॉट. गाडी उभी, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप चालू होऊन ती भरतं. फोर्डनं ही सोय टेलगेटवाले आणि साईटवरचे कामगार यांना डोळ्यासमोर ठेवून विकायला काढली. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससला बर्फाच्या वादळानं झोडपलं, वीज दिवसेंदिवस गेली, आणि लोकांनी याच गाड्यांवर घरातले हीटर आणि फ्रीज चालवले. पुढं २०२२ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक एफ-१५० लाइटनिंग आली, ती ९.६ किलोवॉटपर्यंत देते आणि तिला धूरच नाही. १०० वॉटचा टीव्ही तिच्यासाठी म्हणजे हत्तीच्या पाठीवर चिमणी.

थंडीत बॅटरी अर्धी होते

सप्टेंबरमध्ये केलेला हिशोब जानेवारीत चालत नाही. एनएफएलचा सीझन ऐन हिवाळ्यात रंगात येतो. ३१ डिसेंबर १९६७ ला ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर झालेली मॅच आइस बोल म्हणून ओळखली जाते, त्या दिवशी पारा उणे २५ सेल्सिअसच्या आसपास होता. फार लांब कशाला, १३ जानेवारी २०२४ ला ॲरोहेडवर चीफ्स आणि डॉल्फिन्सची प्लेऑफ मॅच झाली तेव्हा उणे २० होते, आणि गोठल्यामुळं काही प्रेक्षकांची बोटं नंतर कापावी लागली.

अशा थंडीत शिशाची बॅटरी नेहमीच्या जवळपास निम्मीच वीज देते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे स्टार्टरला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. कमी शक्ती आणि जास्त काम. टीव्हीनं थोडीशी जरी बॅटरी खाल्लेली असली तरी उणे २० मध्ये गाडी उठत नाही. रात्री, त्या थंडीत, जम्प स्टार्टची वाट बघत उभं राहणं ही चेष्टा नाही.

लिथियम डब्याचं दुखणं वेगळं. तो थंडीत वीज देतो, जरा कमी देतो. पण शून्याच्या खाली त्याला चार्ज करायचं नसतं, आतून कायमचा खराब होतो. चांगल्या डब्यात ते आपोआप रोखलेलं असतं, मग लोकांना वाटतं चार्जर बिघडला. उपाय साधा आहे. डबा गाडीच्या आत, सीटवर गोधडीत ठेवायचा आणि फक्त वायर बाहेर काढायची.

डिश घरी ठेवून भागेल का?

भागेल, आणि बऱ्याचदा तेच शहाणपणाचं.

अमेरिकेत सीबीएस, फॉक्स, एनबीसी ही मोठी चॅनेल शहरातल्या टॉवरवरून फुकट मिळतात, आपल्याकडं पूर्वी दूरदर्शन मिळायचं तशी. टीव्हीला साधा अँटेना लावला की एचडी चित्र. बॉक्स नाही, डिश नाही, नुसती टीव्हीची भूक. वर सांगितलेल्या २०२४ च्या त्या मॅचचंच बघा. देशभर ती फक्त पीकॉक या ॲपवर होती, त्यावरून लोकांनी आरडाओरडा केला. पण कॅन्सस सिटी आणि मायामी या दोन टीमच्या शहरांत ती लोकल एनबीसी चॅनेलवर लागली. म्हणजे ॲरोहेडच्या पार्किंगमध्ये साधा अँटेनावाला राजा होता.

स्टारलिंकचा पर्यायही आता लोक आणतात. पण त्या डिशला नुसतं ऐकायचं नसतं, उलट बोलायचंही असतं, म्हणून ती जास्त खाते. छोटी मिनी २५ ते ४० वॉट, मोठी ७५ ते १००. म्हणजे मोठी स्टारलिंक लावली तर टीव्ही, बॉक्स आणि साउंडबारच्या सगळ्या खर्चाइतका खर्च एकट्या डिशचा.

तुमच्यापैकी कुणी, किंवा कुणाचा भाऊ-बहीण, न्यूजर्सीत नाहीतर सांता क्लाराच्या बाजूला असेल तर मेटलाईफ किंवा लेव्हाईज स्टेडियमचं पार्किंग लांब नाही. फाळक्यावर बर्गरऐवजी वडापाव मांडला तर उलट शेजारचे येऊन बसतील. फक्त इथून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथल्या पॉवर स्टेशनवर चटणी वाटेल ही आशा ठेवू नका भिडू, तिथं १२० व्होल्टच आहेत.

आणि जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सगळा संच घराबाहेर गाडीपाशी मांडून चालू करून बघायचा. डिशला उपग्रह सापडतो का, डब्यावर किती वॉट दिसतात, दोन तासांत किती टक्के उतरले. तो आकडा तुमचा खरा, आम्ही इथं दिलेले सगळे अंदाजाचे.

हिशोब मात्र सहा तासांचा धरू नका, आठचा धरा. मॅच संपल्यावर हजारो गाड्या एकाच वेळी गेटकडं निघतात आणि तासभर कुणी हलत नाही. तेव्हा अनुभवी मंडळी गाडी काढतच नाहीत. शेगडी परत पेटवतात, उरलेलं गरम करतात आणि रात्रीची मॅच लावून बसतात. त्या वेळी ज्याच्या डब्यात वीस टक्के शिल्लक असतात, त्याच्याच फाळक्याभोवती गर्दी असते.